दादा, बाळ्या आणि ब्रेकमधली हवा

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी मी आमच्या गॅरेजात ट्रकच्या दाराशी उभी राहून निरोप्याचं काम करत होते. आता हसू येतं... तेव्हा मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती.

गॅरेज मार्केट यार्डाच्या मागे आहे. आमचे हे आणि माझे थोरले दीर, म्हणजे दादा, दोघं मिळून चालवतात. दारात एक जुना मिलिटरीचा ट्रक उभा असतो, सासऱ्यांनी लष्कराच्या लिलावातून आणलेला. चाकं माझ्या छातीला लागतात, आणि चालू करायला किल्लीच नाही, नुसतं बटण! कुणाचा माल भरलेला ट्रक यार्डाच्या रस्त्यावर बंद पडला, की टोचन लावून ओढायला यालाच नेतात.

या ट्रकची जेवढी सेवा झाली त्याच्या निम्मी माझी झाली असती तर... असो. पार्ट कुठेच मिळत नाहीत. जुन्या बाजारात हिंडायचं, नाहीतर लेथवर करून घ्यायचं. पण खरं सांगू? मलाही आवडतो मेला.

तर दिवाळीत दादांनी परस्पर एका रिसॉर्टवाल्याला ट्रक देतो म्हणून शब्द दिला. त्याला गेटवर शोभेला उभा करायचा होता. ह्यांना विचारलंसुद्धा नाही. त्यावरून जे वाजलं ते वाजलं, आणि बोलणंच बंद झालं.

ट्रक गेला की गॅरेजमधून अंग काढून घेतो आणि मुलाकडे वाकडला राहायला जातो, असं दादांनी सांगून टाकलं. तेही मला! कारण तेव्हापासून दोघांचं सगळं बोलणं माझ्यामार्फत. समोरासमोर उभे राहून, "तुझ्या नवऱ्याला सांग, पाना दे."

वरवर मी चेष्टा करायचे, पण आतून घाबरले होते. ट्रक गेला तर गेला... सख्खे भाऊ असे तुटले तर पुन्हा जोडणार कोण?

रिसॉर्ट घाटापलीकडे, म्हणून द्यायच्या आधी ब्रेक दुरुस्त करणं भाग होतं. सगळं बसवून झालं, राहिली फक्त ब्रेकच्या पाइपातली हवा काढायची. आणि हे काम एकट्याचं नाही हो! एकाने वर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली झोपून चाकामागचं हवा सोडायचं निपल सैल करायचं. हवा गेली की ते घट्ट करायचं, मगच वरच्याने पाय सोडायचा. आधी सोडला की गेलेली हवा परत आत. त्यामुळे सारखं एकमेकांना ओरडून सांगावं लागतं.

आणि आमचे दोघे तर बोलत नाहीत...

"त्याला म्हणावं, दाब." "अहो, दाबा." "धरलंय म्हणावं." "दादा, धरलंय." बरं, ऐकू येत नव्हतं असंही नाही, हाताच्या अंतरावर होते! पण मी म्हटल्याशिवाय ह्यांचा पाय हलायचा नाही.

मध्येच हे म्हणाले, "पाय सोडतोय म्हणावं." मी वाकून खाली सांगेपर्यंत सोडलासुद्धा. निपल उघडंच... केलेलं सगळं पाण्यात. परत पहिल्यापासून, परत तेच. दादांच्या तोंडावर ब्रेक ऑइल आणि हे वर गाल फुगवून बसलेले.

मग माझं डोकंच सटकलं. "मी चहा टाकायला चाललेय. हवा काढायची तर काढा, नाहीतर बसा असेच!" म्हटलं, आणि सरळ मागे घरात निघून गेले.

चहा घेऊन आले तर बाहेर चिडीचूप. दाराआड तशीच थांबले. तेवढ्यात ट्रकखालून आवाज आला, "दाब."

वरून, "दाबलं."

"धर... धर... हां, सोड."

असं थोडा वेळ चाललं. मग दादा म्हणाले, "बाळ्या, मघाशी मध्येच पाय का सोडत होतास? गुडघा का?"

"हो."

"कधीपासून दुखतोय?"

"झाले चार-पाच महिने."

"आणि मला सांगता येत नाही?"

"तू बोलत होतास का?"

मग दादा सरपटत बाहेर आले, कपड्याला हात पुसले आणि म्हणाले, "उतर खाली. मी दाबतो, तू निपल बघ."

मी दाराआड ट्रे धरून रडत होते, आणि चहा पार गार झाला. पुन्हा टाकला. आनंदाने टाकला.

दुपारपर्यंत ब्रेक एकदम कडक झाले. दोघं शेजारी शेजारी बसून यार्डाला चक्कर मारून आले, ते येताना भांडतच आले, गिअर कोण चुकीचा टाकतो यावरून. किती दिवसांनी ऐकलं ते भांडण!

दुसऱ्या दिवशी रिसॉर्टवाल्याचा फोन आला, गाडी कधी देताय म्हणून. दादा ट्रकला टेकून उभे होते. म्हणाले, "अहो, ब्रेकचं काम चालू आहे अजून. हवा राहतेय आत. जुनी गाडी आहे, वेळ लागणार."

ह्यांनी बॉनेटमधून डोकं बाहेर काढलं. "दादा, आठ दिवस तरी सांग."

मी ऐकत होते, पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

या गोष्टीला महिना होऊन गेला. ब्रेकचं काम अजून चालूच आहे. देवा, असंच चालू राहू दे रे बाबा...