भागाकाकूंचं येसर

भागाकाकू स्वयंपाकाला लागण्याआधी दार उघडून बाहेरच्या चपला मोजत. चिकलठाण्याच्या आमच्या इमारतीत त्यांचं दार आमच्या दारासमोर. पहिल्यांदा त्यांना वाकून बोटांवर मोजताना पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंची चप्पल चोरीला गेली असावी; तसं विचारलंही.

"चप्पल नाय गेली, माय," त्या म्हणाल्या. "आधी पायताणं मोजावी, मंग आमटीत पाणी वतावं."

आमटी म्हणजे येसराची. धान्यं आणि मसाले भाजून दळलेलं हे पीठ डब्यात असलं की डाळीवाचून आमटी होते. गंगापूरकडच्या सासरी, बहात्तरच्या दुष्काळात, काकू ते सासूकडून शिकल्या. सासूला ते तिच्या सासूनं शिकवलेलं. आता पाळी सुनीताची, म्हणजे काकूंच्या सुनेची. ती नोकरी करणारी, नीटनेटकी, आणि येसराचं नाव काढलं की नाक मुरडणारी. "आई, ते गरिबीतलं खाणं. आता काय कमी आहे आपल्याला?" असं म्हणे. आपल्यामागं येसर संपणार, ही धास्ती काकूंनी घेतली होती आणि जिन्यात भेटेल त्याला त्या ती सांगत. कुरियरवाल्यालासुद्धा.

एका रविवारी आमच्याकडे भिशी होती. बायकांच्या चपला आमच्या दारात मावेनात, त्या काकूंच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या. काकूंनी डुलकीतून उठून सतरा जोड मोजले आणि मुकाट्यानं मोठं पातेलं चढवलं. घरात माणसं तीन! सुनीता बाजारातून आली आणि ते पाहून मटकन खालीच बसली. शेवटी सासू-सुनांनी दोन्हीकडून धरून पातेलं आमच्याकडे आणलं. बायकांनी समोसे बाजूला सारून भुरके मारले आणि लगेच मोबाइल काढले.

"काकू, प्रमाण सांगा ना!"

"दोन मुठी."

"कुणाच्या मुठी?"

"माज्या हाताला काय दुसऱ्याच्या मुठी येत्यात व्हय?"

कौतुक भरपूर झालं, पण पुढं शिकायला एकही फिरकली नाही. काकू हिरमुसल्या. मला काही राहवेना. पुढच्या रविवारी मी वजनकाटा आणि वही घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. पहिली मूठ पन्नास ग्रॅम भरली, दुसरी पंचवीस. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. मी वैतागले. "काकू, दुसरी मूठ अर्धीच का?"

"पयली लेकरांची," काकू म्हणाल्या. "दुसरी आपली. आपली कोन भरून घेतंय?"

सुनीता शेजारी मटार सोलत होती. तिचे हात थांबले.

मी तसंच लिहून घेतलं: एक भरलेली, एक अर्धी. वाचून दाखवल्यावर काकू म्हणाल्या, "झालं. आता म्या सुखानं जाते." आणि त्यानंतर चांगली दोन वर्षं जगून त्यांनी माझ्या प्रत्येक आमटीला नावं ठेवली. त्या गेल्या तेव्हा मला फार रडू आलं. इतक्या हक्कानं नावं ठेवणारं माणूस पुन्हा मिळत नाही.

परवा सुनीतानं वही मागितली आणि मलाही बोलावलं. फोडणी तडतडली. येसर कालवायला तिनं पहिली मूठ भांड्यात टाकली. मग दुसरी घेतली, तीही शिगोशीग.

"अगं, अर्धी!" मी ओरडले.

"असू दे," ती म्हणाली. "आईंची राहिलीय."

आमटी पिठल्यासारखी घट्ट झाली. आम्ही दोघींनी ती चमच्यानं खरवडून संपवली.