गौतमचे चार सिंह

बातमी आली तेव्हा माझ्यासमोर स्टुलावर एक निवृत्त गुरुजी बसले होते. पेन्शनच्या कागदांना फोटो पाहिजे होता. मी त्यांची हनुवटी वर केली, "हलू नका" म्हणालो आणि फोन वाजला. फोनवर मिलिंद, गौतमचा धाकटा भाऊ. त्याला मी बोलूच दिलं नाही. "कुठंय तुझा दादा? सकाळीच येतो म्हणला व्हता. जनरेटरवाला येऊन बसलाय माझ्या उरावर. त्याला दे आधी फोन!" मिलिंद म्हणाला, "दत्ताभाऊ, दादाच गेला ना." केदारखेड्यात, घराच्या अंगणात चहा पिता पिता छातीत कळ आली, शेजाऱ्याच्या जीपमध्ये घातलं, आणि भोकरदनचा दवाखाना यायच्या आत सगळं आटपलं. मी फोन कानाला लावून तसाच उभा. बऱ्याच वेळानं ध्यानात आलं, की गुरुजी अजून हनुवटी वर करून बसलेत. "हलू नका" म्हणालो होतो, "हला" म्हणालोच नव्हतो. ही गोष्ट गौतमला सांगायची असती तर मी गुरुजींना शंभर मिनिटं बसवलं असतं, आणि तो हसून म्हणाला असता, "दत्त्या, एक शून्य कमी कर."

हे त्याचं कायमचं होतं. मी बोलायला लागलो की तो शून्य कापायला बसायचा. माझ्या लग्नात पाच हजार माणूस जेवलं, असं मी सांगितलं की हा जेवणाऱ्यांसमोर म्हणणार, "पाचशे. त्यातले बी काही दोनदा बसल्ते."

आम्ही दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली लग्नाचे फोटो शिकलो. पुढं मी भोकरदनला जिना चढून वरच्या मजल्यावर स्टुडिओ टाकला आणि मोठा स्ट्रोब, म्हणजे भिंतीतल्या विजेवर चालणारा भला थोरला फ्लॅश, आणला. काय लाईट होता तो! पहिल्यांदा पेटवला तेव्हा खालच्या रसवंतीवाल्याला दुपारीच पहाट झाल्यासारखं वाटलं. त्याच्यासमोर पांढरी मोठी छत्री लावली की रापलेल्या चेहऱ्यावरसुद्धा साय धरल्यासारखा उजेड पडायचा. गौतमनं मात्र दुकान टाकलंच नाही. त्यानं गावातल्या वेल्डरकडून सायकलच्या जुन्या कॅरियरच्या लोखंडाची एक आडवी पट्टी करून घेतली आणि तिच्यावर चार छोटे फ्लॅश शेजारी शेजारी बसवले. चारही वेगवेगळ्या घराण्यातले, एकाचं तोंड दुसऱ्याला न मिळणारं. मी ते बघितलं आणि म्हणालो, "हा ब्रह्मदेव कुठून उचलला?"

"आमच्यात देव न्हाईत, मालक," गौतम म्हणाला. "हे चार सिंह आहेत. अशोकाचे."

तेव्हापासून त्याचे सिंह आणि माझा हत्ती. कारण माझ्या स्ट्रोबला तो हत्ती म्हणायचा, आणि तेही साधा नाही, साखळीला बांधलेला. "तुझा हत्ती लय मोठा, कबूल. पण भिंतीतल्या बोर्डाजवळून हलतो का? लाईट गेली की बसला सोंड खाली टाकून." लाईट तर आमच्याकडं न विचारता जायची. मग मी अंधाऱ्या स्टुडिओत गिऱ्हाइकाला चहा पाजत बसायचो, आणि हा गडी मोटारसायकलच्या मागं सिंह बांधून जाफराबादच्या बाजूला कुठल्या तरी शेतातल्या मांडवात भर उन्हात नवरीच्या डोळ्याखालची सावली उजळत असायचा. मी म्हणायचो, "अरे, चार फ्लॅशचे सेल चार्ज करण्यात तुझी रात जाती. त्यातला एक पेटतो, एक रुसतो. माझं एक बटण, एक लाईट, बिलकुल बराबर." यात खोटं काही नव्हतं. त्याचा चौथा फ्लॅश, सगळ्यात स्वस्तातला, मनात आलं तरच पेटायचा. मी चिडवलं की गौतम खिशातून नाणं काढून माझ्या नाकासमोर धरायचा. "हे बघ. किती सिंह दिसून राह्यले? तीन. चौथा न्हाई का मंग? चौथा मागून असतो." फ्लॅशच्या दुरुस्तीचा खर्चा टाळायला साक्षात सम्राटाला साक्षीला बोलावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

या सिंहांची एक खोड इथंच सांगतो, पुढं लागणार आहे. प्रत्येक फ्लॅशच्या पोटावर हरभऱ्याएवढा एक डोळा होता. आसपास दुसरा कुठलाही फ्लॅश चमकला आणि तो या डोळ्याला दिसला, की त्याच क्षणी हाही चमकणार. त्यामुळं वायर लागत नाही, हा फायदा. पण कुणाचा उजेड, हे त्या डोळ्याला कळत नाही. एकदा जाफराबादजवळच्या लग्नात अवकाळीचं आभाळ भरून आलं आणि वीज चमकली. तिकडं वीज, इकडं चारही सिंह! पुन्हा वीज, पुन्हा सिंह. नवरदेव दचकतोय, भटजी मंगलाष्टकं चुकतायत, आणि एक म्हातारी मांडवाच्या खांबाला धरून म्हणतेय, "अगं बाई, वरून बी फोटू काढून राह्यले!" मी हे सांगताना विजेनं सत्तर फोटो काढलेले असायचे. गौतम म्हणायचा, सात. आता त्याच्यामागं किती सांगावेत, समजत नाही. सत्तर म्हणालो तर लोक सत्तरच धरतात. कापणारा हात राहिला नाही, त्यामुळं माझ्या थापांना मजाच उरली नाही.

पण या माणसाच्या मनात एक फोटो होता. केदारखेड्याच्या त्याच्या वस्तीतली सगळी म्हातारी माणसं, धम्मदीक्षेच्या काळात जी लेकरं होती ती, एका फोटोत बसवायची. विहाराच्या अंगणात, पांढऱ्या कपड्यात, दिवस बुडाल्यावर आभाळ जे थोडा वेळ गर्द निळं होतं, त्या वेळेला. "पोरापोरींचे फोटो रोज निघून राह्यलेत मोबाईलवर," तो म्हणायचा. "यांचा एक बी सोबतचा न्हाई." त्यानं एकट्यानं सिंह घेऊन करून बघितलं होतं. उजेड मधल्या ओळीपर्यंत गेला, कडेची माणसं अंधारात. कडेची माणसं अंधारात ठेवून त्याला फोटो नको होता. मग एक दिवस जिना चढून आला आणि जन्मात जे बोलला नव्हता ते बोलला. "दत्त्या, तुझा हत्ती लागतो."

मी तेव्हा काय केलं? आधी त्याच्या तोंडून ते पुन्हा वदवून घेतलं, खालच्या रसवंतीवाल्याला वर बोलावून. मग दोघं कागद घेऊन बसलो. हत्ती एका अंगाला उंचावर, छत्रीतून, जनरेटरवर. सिंह दुसऱ्या अंगाला, सावल्या पुसायला. हत्ती पेटला की सिंह आपोआप पेटणार. मला मोठा अचंबा वाटला. इतकी वर्षं भांडलो, तो की हा, आणि फोटो असा निघाला की ज्याला दोन्ही पाहिजेत.

ठरलं, पण झालं नाही. कधी माझी लग्नसराई, कधी त्याची कापूस वेचणी. कधी जनरेटर नाही, कधी आभाळ मोकळं नाही. आम्हाला दोघांनाही वाटायचं, पुढच्या महिन्यात बघू, फोटो कुठं पळून जातोय? फोटो पळत नव्हता, पण माणसं कमी होत होती. गौतम केदारखेड्याहून यायचा आणि सांगायचा, अमुक काका गेले. त्या वस्तीतल्या सोनाआजी, गौतमच्या आईच्या मावशी, रस्त्यात गाठून त्याला विचारायच्या, "गौतमा, आमचा नंबर कवा बाबा? लाईन लय पुढं सरकून राह्यली." गौतम हे सांगताना हसायचा, मीही हसायचो.

शेवटी एक शनिवार पक्का केला. आदल्या संध्याकाळी तो सिंह घेऊन स्टुडिओत आला. आम्ही चाचणी घेतली. पट्टी कपाटावर ठेवली, मी हत्ती पेटवला. तीन सिंह चमकले, चौथा नाही. मी काही बोलायच्या आत त्यानं खिशात हात घातला. "नाणं राहू दे!" मी ओरडलो. चहा घेतला. जाताना म्हणाला, "सिंह राहू दे इथंच. उद्या सामानासंगं जीपमध्ये टाकू. तू जल्दी आवर मात्र, निळं आभाळ तुझ्यासाठी थांबत न्हाई." आणि जिना उतरून गेला. त्याच्या चपलेचा आवाज खालच्या पायरीपर्यंत ऐकू यायचा. त्या दिवशी मी ऐकला का... आठवत नाही. कोण ऐकत बसतं?

दुसऱ्या दिवशीचा फोन मघाशी सांगितलाच. जनरेटरवाल्याला मी परत पाठवलं आणि रिकाम्या हातानं केदारखेड्याला गेलो. माती संध्याकाळी होती. विहाराच्या अंगणात शिरलो आणि पाय थबकले. ज्यांना एका जागी बसवायला आमची इतकी सालं गेली, ती सगळी म्हातारी माणसं तिथं बसली होती. एकही कमी नाही. फोटो आहे म्हणून गौतमनं आठ दिवस आधीपासून घरोघरी सांगून ठेवलं होतं, त्यामुळं धुऊन घडी करून ठेवलेली पांढरी लुगडी, पांढरे सदरे, तेच घालून आली होती. वंदना झाली. दिवस बुडाला. आणि आभाळ झालं निळं, असं निळं की मी ते कितीही वाढवून सांगितलं तरी त्यातलं शून्य कापावं लागणार नाही. सोनाआजींनी मला बघितलं. जवळ बोलावलं. म्हणाल्या, "काढ की रे फोटू. समदे आलेत."

माझ्या हातात काही नव्हतं. हत्ती भोकरदनला भिंतीला बांधलेला, सिंह कपाटावर. "आजी, लाईट आणले न्हाईत," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली, पदर नीट केला आणि पुन्हा ओळीत जाऊन बसल्या. मी तिथं उभा राहून नुसतं बघत राहिलो, कडेची माणसं अंधारात जाईपर्यंत.

त्यानंतर काही दिवस स्टुडिओ बंदच होता. उघडला तेव्हा पहिलं गिऱ्हाईक तेच गुरुजी, राहिलेल्या फोटोसाठी. पुन्हा स्टूल, पुन्हा हनुवटी. बटण दाबलं, स्ट्रोब पेटला, आणि त्याच क्षणी गुरुजींच्या मागून, वरून, लख्खकन काहीतरी चमकलं. कपाटावरचे सिंह तसेच राहिले होते, बंद करायचे राहिले होते. तीन सिंहांचे सेल उतरले होते. पेटला तो चौथा. हे ऐकून कुणी म्हणेल, दत्ता पुन्हा सुरू झाला. म्हणू दे. यातलं मी काही वाढवलेलं नाही, आणि वाढवलं असतं तर कापणारा आता नाही.

मिलिंद नंतर पट्टी न्यायला आला होता. मी म्हणालो, "राहू दे थोडे दिवस." त्यानं कपाटाकडं बघितलं आणि चहा पिऊन गेला. सेल मी चार्ज करून घालतो, चारही फ्लॅशचे. आता चारही पेटतात. त्यामुळं माझा प्रत्येक फोटो पहिल्यांदा बिघडतो, कानांच्या कडा पेटल्यासारख्या दिसतात, असला फोटो कुठलंच ऑफिस घेणार नाही. मग मी दुसऱ्या स्टुलावर चढतो, सिंहांवर रुमाल टाकतो आणि दुसरा काढतो. परवा एक मुलगी नोकरीच्या अर्जाला फोटो काढायला आली होती. रुमाल टाकताना बघून तिनं विचारलं, "काका, आधीचा बिघडला का?"

"न्हाई बाई," मी म्हणालो. "तो आमच्या दोघांचा व्हता. आता तुझा काढतो. हलू नको."