दिसतंय, दिसतंय

लिहिण्याची मला सवय नाही. पण ताईचे यजमान, आमचे भावोजी, गेल्यापासून वाटतं, त्यांच्याविषयी चार ओळी कुणीतरी लिहायला हव्यात. जमेल तसं लिहितो.

भावोजी छोटं विमान चालवायचे. मागे कधी टपालाच्या पिशव्या, कधी दोन-चार माणसं. स्वभावानं इतके भिडस्त, की 'नाही' हा शब्द तोंडून निघतच नसे. ताईनं स्वयंपाकघरातून विचारावं, "अहो, किल्ल्या दिसतायत का तिथं?" आणि यांनी वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणावं, "दिसतंय, दिसतंय." किल्ल्या ताईच्याच कमरेला असायच्या.

धुक्यात उतरायचा नियम सोपा असतो. ठरलेल्या उंचीपर्यंत खाली यायचं. तिथून धावपट्टी दिसली तर उतरायचं, नाहीतर सरळ वर जायचं. एका धुक्याच्या सकाळी विमानतळाच्या मनोऱ्यातल्या माणसानं रेडिओवर विचारलं, "धावपट्टी दिसतेय?"

"दिसतंय, दिसतंय."

दिसत होते ते धावपट्टीच्या अलीकडं असलेल्या लाकडाच्या वखारीचे दिवे. विमान कुंपण तोडून ओंडक्यांवर आदळलं. मागे नुसतं टपाल होतं. भावोजींचा पाय मोडला. जिवावरचं पायावर निभावलं.

दवाखान्यात ताई रडली नाही. म्हणाली, "उडू नका म्हटलं तर तुम्ही झुरून मराल. पण 'दिसत नाही' म्हणायला शिकेपर्यंत विमानाला हात लावायचा नाही."

"बरं, शिकतो."

"बघा! लगेच हो म्हणालात."

घरी शिकवणी सुरू झाली. ताई बंद मूठ पुढं करायची. "यात बटण दिसतंय?" भावोजींची मान आपोआप हलायची.

मी म्हटलं, "भावोजी, ताईला बघायला आलात तेव्हाही असंच 'दिसतंय' म्हणालात काय?"

"तेव्हा खरंच दिसलं होतं रे," ते म्हणाले. ताई मूठ विसरून आत गेली.

पाय बरा झाला, थोडं लंगडणं तेवढं राहिलं, आणि ते पुन्हा उडू लागले. मग एक दिवस तसंच धुकं पडलं. ताई आणि मी त्यांना आणायला विमानतळावर गेलो होतो. रेडिओच्या खोलीचं दार उघडं होतं.

"धावपट्टी दिसतेय?"

उत्तर येईना. मग मागे बसलेल्या कारखानदाराचा आवाज ऐकू आला, "अहो, ते काय समोर दिवे! उतरा ना, माझी माणसं खोळंबलीत." ताईनं माझं मनगट घट्ट धरलं.

"दिवे दिसतायत," भावोजी सावकाश म्हणाले. "धावपट्टी दिसत नाही. वर जातोय."

डोक्यावरून इंजिनाचा आवाज गेला आणि दूर विरला. ताई तिथल्याच बाकावर बसली, आणि दवाखान्यात आलं नव्हतं ते रडू तिला आता आलं.

विमान दुसऱ्या गावी उतरलं. कारखानदार पुन्हा कधी त्यांच्या विमानात बसला नाही. मनोऱ्यातला माणूस भेटला की चिडवायचा, "कॅप्टन, त्या दिवशी दिवे आमचेच होते हो! डोळे मिटून उतरला असतात तरी चाललं असतं."

"असतील," भावोजी म्हणायचे. "मला धावपट्टी दिसली नव्हती."

त्या धुक्याच्या दुसऱ्या दिवशी ते बसनं घरी आले तेव्हा मी तिथंच होतो. चहा झाल्यावर ताईनं आतून विचारलं, "अहो, किल्ल्या दिसतायत का?"

भावोजींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. टेबल पाहिलं, फळी पाहिली, वाकून खुर्चीखालीही पाहिलं. मग लंगडत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले, ताईच्या कमरेकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता दिसतायत."