येशूच्या जागी सजणा

आमचा देवासमधला शेजारी शाळेत संगीत शिकवतो. बोलायला लागला की आधी "बघा भिया" म्हणतो; माळव्यात भैयाचा भिया होतो. चालीत अडकला तर भाजीच्या गाडीसमोरही डोळे मिटून उभा राहतो, आणि भाजीवाली मुकाट्याने थांबते.

पूर्वी त्याचा रॉक बँड होता. धारपासून सतवासपर्यंतच्या ख्रिस्ती मेळाव्यांत ते हिंदीत गात. बाकीचे इंदूरला लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गेले. हा एकटा उरला आणि पुन्हा गाणी लिहू लागला. तीही मराठीत, कारण त्याला प्रार्थना मराठीतच सुचते.

गेल्या महिन्यात इंदूरचा एक रेकॉर्डिंगवाला आला. त्याची गाणी विचारत येणारा तो पहिलाच. मी शेजाऱ्याच्या ओट्यावरच होतो. गाणं ऐकून पाहुणा म्हणाला, "भिया, जबरदस्त! फक्त येशूच्या जागी 'सजणा' टाका. प्यारवालं गाणं होऊन जाईल. अल्बम आपण काढू."

शेजारी गिटारची खुंटी पिळत राहिला. मग हसला.

"बघा भिया, मी तुमच्याकडे जेवायला आलो आणि म्हटलं, स्वयंपाक फस्क्लास, फक्त यजमानाला बाहेर बसवा, तर?"

पाहुणा चहा अर्धा टाकून गेला. अल्बमही गेला.

त्या रविवारी मीही चर्चमध्ये गेलो. त्याने तेच गाणं म्हटलं, एका गिटारवर. हिंदी शाळांत शिकलेल्या पोरांना निम्मे शब्द कळले नसावेत. पण येशूचं नाव आलं की ती सगळी त्याच्याबरोबर गात होती.

मी ख्रिस्ती नाही. तरी बाहेर पडताना बाजूच्या अनोळखी माणसाला मी न विचारता सांगितलं, "हे गिटारवाले आमच्या गल्लीतले आहेत."