जंगलात डोळे कोण मिटतं?

"ताई, बायोप्सीचा रिपोर्ट आला. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर आहे," चंद्रपूरच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, तेव्हा मी त्यांच्या टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत होते. बायोप्सी म्हणजे दुखऱ्या जागेचा छोटा तुकडा काढून तपासणं. रिपोर्ट ऐकून मला काहीच झालं नाही. माझे यजमान मात्र खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले.

मी चिमूरजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, म्हणून दाखवायला गेले होते. बायांनो, एवढं लक्षात ठेवा: पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर पाळी परत आली असं समजून घरी बसू नका.

उपचार नागपूरला सुरू झाले. आधी रेडिएशन, म्हणजे बाहेरून मशीनने किरण द्यायचे. ते दुखत नाही, पण अंगातलं त्राण जातं आणि पोट बिघडतं. जोडीला केमो, सलाईनमधून औषध. नणंदेकडे राहून, तिच्या हातची मुगाची खिचडी खाऊन ते सगळं पार पडलं. खिचडीचं नाव काढलं तरी आजही माझं तोंड वाकडं होतं.

घोडं अडलं ते पुढे. ब्रॅकीथेरपी म्हणजे आतून दिलेलं रेडिएशन. नळ्या आत बसवतात, मशीनला जोडतात आणि सगळे खोलीबाहेर जातात. आपण हलायचं नाही. दार लागलं आणि माझे पाय लटलट कापायला लागले. मी ओरडत सुटले. शेवटी नळ्या काढाव्या लागल्या.

"गाठ लहान झाली आहे, गेलेली नाही," डॉक्टर म्हणाले. "हे राहिलं तर ती पुन्हा वाढेल. फार थांबता येणार नाही. पुढच्या आठवड्यात परत करू."

"मी नाई येत आता," परतीच्या बसमध्ये मी यजमानांना सांगितलं. ते खिडकीकडे तोंड करून रडत राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं.

हॉस्पिटलच्या समुपदेशक ताईंनी फोन करून मला मोबाईलवरच्या एका वर्गात घातलं. माइंड-बॉडी थेरपी. श्वास, हळू हालचाल आणि कल्पना यांनी घाबरलेलं शरीर सैल करायचं. आम्ही सगळ्या जंगलाकाठच्या गावांतल्या, असल्याच कॅन्सरच्या बाया, शिकवणाऱ्या मॅडम पुण्याच्या. "याने कॅन्सर बरा होत नाही, उपचार सोसायला मदत होते," त्यांनी पहिल्याच संध्याकाळी स्पष्ट सांगितलं. मला हसूच आलं. श्वास काय, जन्मल्यापासून घेतेच आहे!

दुसऱ्या संध्याकाळी मॅडमनी डोळे मिटायला लावले. "तुम्ही घनदाट जंगलात आहात. एकट्याच. आजूबाजूला कोणीही नाही." आणि मोबाईलमधून वाळक्या पानांची सळसळ ऐकू आली.

मी ताडकन मागे वळून पाहिलं. मागे आमचं कपाट. स्क्रीनवर बघते तर एकीचेही डोळे मिटलेले नाहीत.

"मॅडम, जंगलात डोळे मिटून कोन बसते?" अहेरीकडच्या मैनाबाई म्हणाल्या. "अन् एकटी काऊन जाऊ मी? वाघ काय इचारून येते?"

आम्ही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. आजार कळल्यापासून मी हसलेच नव्हते. मॅडम ओशाळल्या, पण बाई गुणाची. म्हणाल्या, "मग तुम्ही कशा जाता, ते मला सांगा."

मी सांगितलं. मोहफुलं वेचताना प्रत्येकीचं झाड वेगळं, वाकलं की कोणी दिसत नाही. म्हणून थोड्या थोड्या वेळाने नाव घेऊन हाक मारायची. तिकडून "ओऽ" आली की पुन्हा वेचायला वाकायचं. नाही आली तर सगळ्यांनी मिळून तिकडे धावायचं.

सांगता सांगता माझं मलाच उमगलं. मला भीती मशीनची नव्हतीच. दार लागल्यावर ओ द्यायला कोणी नाही, याची होती.

"आजपासून तुमच्या पद्धतीनं जाऊ," मॅडम म्हणाल्या. श्वास सोडताना मनात एकीचं नाव घ्यायचं. श्वास घेताना तिची ओ ऐकायची, तेवढ्यात पाय, कंबर, खांदे सैल सोडायचे. आधी मोबाईलवर खरोखरीच हाका मारून सराव केला. मैनाबाईंच्या गावात नेटवर्क रडकं, त्यांची ओ फार उशिरा यायची. आम्ही थांबायचो.

पुढच्या आठवड्यात मी गेले. यजमानांना म्हटलं, "चाला." नळ्या बसल्या, दार लागलं, पाय कापायला लागले. मी एकेकीला हाक मारत गेले. मैनाबाईंची ओ मनातसुद्धा उशिराच यायची. तिची वाट बघत पडून राहिले. आली की पुन्हा पहिलीपासून सुरुवात. अशीच तिच्यासाठी थांबलेली असताना दार उघडलं आणि सिस्टर म्हणाली, "झालं ताई. आज तुम्ही जरासुद्धा हलल्या नाहीत."

पुढच्या खेपाही निभावल्या. नंतरच्या एमआरआयमध्ये गाठ दिसली नाही. "तपासणीला मात्र येत राहायचं," डॉक्टर म्हणाले. मी जाते. आदल्या दिवशी अजूनही जेवण जात नाही. भीती गेलेली नाही, पण तिला घेऊन जाता येतं. डॉक्टरांचे, मॅडमचे आणि त्या सगळ्या बायांचे उपकार मी विसरणार नाही.

हे वाचणारी तूही अशाच उपचारांना घाबरत असशील, तर बाई, आमच्या मोबाईलवरच्या वर्गात ये. कॅमेरा बंद ठेवलास तरी चालेल. तुझं नाव तेवढं सांग, आम्ही हाक मारू.