बारवेचा गाळ

माझ्या सासूबाईंना देवळात बसायचा कंटाळा होता. गावातल्या बायका भजनाला निघाल्या, की या पाटी आणि खुरपं घेऊन बारवेच्या पायऱ्या उतरायच्या. वैशाखात पाणी तळाला गेलं, की महिनाभर हाच नेम. पाला, चिखल उपसायचा, पायऱ्यांच्या फटीत रुजलेला पिंपळ अलगद काढून ओढ्याकाठी लावायचा. पाण्यात साती आसरा राहतात, त्यांचं घर झाडणं हीच आपली पूजा, असं त्यांचं म्हणणं. देवीचं घर म्हणून बारवेत वहाणा घालून कुणी उतरत नसे.

मला हे खूळ वाटायचं. घरचा केर सुनेनं काढायचा आणि सासूनं देवीचा, असं मी शेजारणीला म्हटलंही होतं.

माझा थोरला दीड वर्षाचा असताना तापानं फणफणला. परतूरच्या डॉक्टरनं हात टेकले. तेव्हा मी आसरांना बोलले, पोरगं वाचलं तर तुमच्या पाण्यात ओटी सोडीन. पाचव्या दिवशी ताप उतरला. खण, नारळ, हळदकुंकू आणि डझनभर हिरव्या बांगड्या घेऊन मी निघाले, तर सासूबाई दारात आडव्या.

"पाण्यात काई टाकायचं न्हाई. आपल्या घरात कुणी चिंध्या फेकल्या तं चालंल का? ओटी बारवेच्या भितीतल्या देवळीत ठेव, मंग एखाद्या सवाष्णीला दे. वर दहा पाट्या गाळ काढ, नवस बराबर फिटतो."

"आत्याबाई, मी पाण्यात सोडीन असं बोलले. शब्द फिरवला आन् लेकराला पुन्हा ताप आला, मंग?"

"बिलकुल येत न्हाई."

त्यांचं काय जात होतं म्हणायला! मांडीवरचं पोर माझं होतं, अजून मान टाकत होतं. मला त्यांचा भयंकर राग आला. दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी बारवेत गेले. खण नि नारळ तेवढा देवळीत ठेवला आणि बांगड्या पाण्यात सोडल्या. निम्मं त्यांचं ऐकलं, निम्मं माझं. मोठी शहाणी मी.

तिसऱ्या दिवशी दोघा गड्यांनी सासूबाईंना उचलून घरी आणलं. गाळात पाय टाकला आणि टाचेत काच घुसली होती. ती मीच काढली. हिरवी, कोरी. जखमेत हळद भरली. पण पाय सुजत गेला, सूज वर घोट्यापर्यंत आली. आता माझ्या हातून सासू जाते की काय, अशी धास्ती मला लागली. थोरला मात्र अंगणात दुडदुडत होता.

चौथ्या दिवशी पू वाहून गेला, सूज ओसरली. पोटीस बांधता बांधता मला रडू फुटलं.

"आत्याबाई, त्या बांगड्या माझ्या होत्या."

"ठावं हाय."

"मंग बोलल्या का न्हाईत?"

त्यांनी पाय जरा सरळ केला.

"काय बोलू? तुझ्या नवऱ्याला गोवर निघाल्ता, तव्हा म्याबी टाकल्या. तव्हापून शोधून राह्यले. सगळ्या अजून सापडल्या न्हाईत."