तिच्या नंबरवर आलेला आकडा

धाकटी बहीण गेली, तरी तिचा फोन मी चालू ठेवला आहे. दर महिन्याला रिचार्ज करते. नंबर बंद पडला की काही दिवसांनी तो दुसऱ्या कुणाला मिळतो, हे तिनेच मला सांगितलं होतं.

मी तिसगावात सार्वजनिक वाचनालय सांभाळते. ती माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. पदवीनंतर दोन वर्षं घरी बसली. मग पाथर्डीच्या एका प्रशिक्षण केंद्रात सायबर सुरक्षेचा मोफत कोर्स निघाला. दारावरच्या फ्लेक्सवर नोकरीची हमी होती. रोज जीपने जायची आणि संध्याकाळी आई भाकरी थापत असताना तिला दिवसभराचं शिकलेलं ऐकवायची. आई "व्हय, व्हय" म्हणत तवा बघायची. केंद्रातल्या सगळ्या कॉम्प्युटरला एकच पासवर्ड होता आणि तो भिंतीवर चिकटवलेला होता, हे सांगताना ती हसून लोळायची. तरी तिचा त्या कोर्सवर विश्वास होता. माझा नव्हता. पण वही मी बघितली होती, वही चांगली होती.

परीक्षा पास झाली आणि तीन आठवड्यांनी डेंग्यूने गेली, नगरच्या दवाखान्यात, पाच दिवसांत.

केंद्रातून कुणी आलं नाही. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मात्र तिचा फोन वाजला. केंद्रचालक होते.

"फार वाईट झालं, मॅडम. हुशार मुलगी होती." एवढं एका श्वासात झालं. "आता या नंबरवर एक ओटीपी येईल, तेवढा सांगा. दहा मिनिटांत जातो तो."

"कशासाठी?"

"तिला नोकरी लागल्याची नोंद करायचीय. सरकारच्या पोर्टलवर."

मला वाटलं, त्यांना कळलेलं नाही. "ती वारली," मी म्हणाले.

"हो, हो. पण बॅचमधल्या ठरावीक टक्के मुलांना नोकरी दाखवल्याशिवाय बॅच बंद होत नाही. बाकीच्यांची सर्टिफिकेटं अडतील. वरून साहेबांचे फोन येतायत."

मग कंपनीचं आणि पदाचं नाव वाचून दाखवलं. पुणे, सिक्युरिटी अ‍ॅनालिस्ट. तिला नेमकं तेच हवं होतं. फोन थरथरला, आकडा आला. मी तो मनात वाचला, त्यांना सांगितला नाही आणि फोन ठेवला.

त्या दिवशी तिची वही उघडली. एका पानावर तिने चौकट करून लिहिलं होतं: 'समोरचा घाई करतो. भीती घालतो. वरच्या साहेबाचं नाव सांगतो. यातली दोन लक्षणं दिसली की फोन ठेवा.' ज्यांनी हे फळ्यावर लिहून दिलं त्या केंद्रचालकांच्या बोलण्यात तिन्ही होती.

फोन येत राहिले. आठवड्याने बॅचमधल्या तीन मुली घरी आल्या. रडल्या नाहीत, चहाही घेतला नाही. त्यांतली एक बहिणीच्या शेजारच्या कॉम्प्युटरवर बसायची, ती म्हणाली, "ताई, सर म्हणत्यात तुमच्यामुळं अडलंय."

"मी खोटं सांगू?"

"तुमाला काय सांगायचंय? नुसता आकडा द्यायचा."

"हे शिकवलं का तुम्हाला तिथे?"

"तिथं काय शिकवलं ते ऱ्हाऊ द्या. माझ्या घरी स्थळं बघायला लागलेत. सर्टिफिकेट दाखवलं तर चार महिने थांबतील."

त्या गेल्यावर आई म्हणाली, "दे की. गेलेलं लेकरू काय नोकरी नको म्हनायला येतंय?"

"तिचं नाव आहे ते."

"नाव घिऊन काय करती? तुला पुस्तकं कळत्यात, मानसं कळत न्हाईत." त्यानंतर आईने माझ्याशी बोलणं जवळजवळ सोडलं.

मी मृत्यूचा दाखला घेऊन पाथर्डीला गेले. केंद्रचालकांना म्हणाले, "जे झालं ते लिहा. कोर्स पूर्ण केला, परीक्षा पास झाली, वारली."

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. तिच्या नावापुढे बाण होता, दाबला की पर्याय खाली पडत. नोकरी, स्वयंरोजगार, पुढील शिक्षण, विवाह. त्याखाली काही नव्हतं.

"मरणाचा पर्यायच नाही, मॅडम. मी काय करू?" मग त्यांना काहीतरी सुचलं. "विवाह टाकू का? त्याला ओटीपी लागत नाही."

ते हे सहज म्हणाले. मदत करावी तसं. त्या माणसाला मी आजवर क्षमा केलेली नाही, आणि करायची इच्छाही नाही. मी दाखला त्यांच्या की-बोर्डवर ठेवला आणि म्हणाले, "यातलं काहीही टाकलंत तर हा कागद मी तुमच्या वरच्या साहेबांना नेऊन दाखवेन." आवाज चढला नव्हता. वर्गातली मुलं तरी वळून बघत होती.

दीड महिन्याने शेजारच्या कॉम्प्युटरवाली मुलगी वाचनालयात आली. हातात सर्टिफिकेट, लॅमिनेशन केलेलं.

"कुणी दिला आकडा?" मी विचारलं.

"कुणीच न्हाई. सरांनी तुमच्या बहिणीचं नावच यादीतनं काढलं. एक कमी झाल्यावर टक्क्यात बसलं सगळं."

म्हणजे सहा महिने जीपने गेलेली मुलगी त्या केंद्रात कधी आलीच नव्हती. खोटं टळलं होतं, आणि खऱ्यालाही जागा उरली नव्हती. हे माझ्यामुळे झालं, हे मला कळतं.

मुलगी जागची हलेना. "ताई, नगरला इंटरव्ह्यू हाय माझा. तिची वही द्या ना. माझ्या वहीत निम्मं न्हाई."

"नाही," मी म्हणाले.

"तिनं दिली असती."

ते खरं होतं, म्हणून जास्त राग आला. मी तिला बाकावर बसवून ठेवलं. वाचनालयाची दाखल नोंदवही काढली. तिच्यात प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन चढवतात. पुढच्या ओळीत बहिणीची वही चढवली. लेखकाच्या रकान्यात तिचं नाव, वडिलांच्या नावासकट, पूर्ण लिहिलं. वहीवर शिक्का मारला, कार्ड केलं, मुलीची सही घेतली.

"सात दिवस," मी म्हणाले. "पानं दुमडायची नाहीत."

"तुमी ना, ताई," ती म्हणाली, आणि वही पिशवीत टाकून गेली.

आज नववा दिवस आहे, वही परत आलेली नाही. इंटरव्ह्यूचं काय झालं ते मला माहीत नाही, आणि मी विचारणारही नाही. उद्या सकाळी वाचनालय उघडण्याआधी मी तिच्या दारात उभी राहणार आहे.